कमठ्याची दोरी

मी पुण्याला निघाले त्या दिवशी बा मला सडकेपर्यंत सोडायला आला. आमचं कोलामांचं पोड म्हणजे वीसेक घरं, अन् यवतमाळच्या एसटीचा फाटा जंगलातून तासाभराच्या वाटेवर. बाच्या खांद्याला कमठा, हातात दोन तीर. कमठा म्हणजे आमचं बांबूचं धनुष्य. दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. फाट्यावर त्यानं दोरी उतरवली, कमठ्याची साधी काठी झाली. "जाय पोरी. सडकेवर भेव नाही," म्हणाला.

आश्रमशाळेतल्या सरांनी माझा नेम पाहून मला इथल्या तिरंदाजीच्या क्लबात धाडलं होतं. आता मीच इथं कोचिंग करते. इथल्या धनुष्याला चाकं, भिंग, वजनाच्या दांड्या; एक स्क्रू ढिला झाला की प्रॅक्टिस बंद. पोडावरच्यांनो अन् माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, खरं सांगते, नेम बसतो पण जीव रमत नाही. शिकार आज्याच्या काळातली, पुढं ती बंदच झाली. पण आज्यानं शिकवलेलं सगळं बाच्या अंगात होतं. वारा तोंडावर घेऊन बसायचं, पंधरा पावलांवर जाता आलं तरच तीर सोडायचा. पिकातली रानडुकरं हाकलायलाही तो दोनच तीर न्यायचा. काहून, विचारलं तर म्हणे, "तिसरा असला का पयला नीट सुटत नाही."

उंबऱ्यापाशी मात्र दोरी उतरवायचीच. बा म्हणे, "घरात कोणावर धरू?"

एका सुटीत मी क्लबाचं चाकवालं धनुष्य मोठ्या मिजाशीत घरी नेलं. बानं फिरवून पाहिलं. "एवढं सामान! हे तं बाजाराले निघालं वाटते." मग म्हणाला, "दोरी उतरव." ती मशीनशिवाय उतरत नाही, म्हटलं, तर त्यानं ते बाहेर मोहाच्या झाडाला टांगलं. मी अशी भडकले की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

यंदा दिवाळीला पुन्हा तेच धनुष्य घेऊन गेले. मी आपणहून मोहाकडं वळले, तर बा म्हणाला, "राहू दे. आण आत."

आत भिंतीवर त्याचा कमठा होता. दोरी चढवलेली.

मी मायकडं पाहिलं. मग मायनं सांगितलं. वाघानं आमचा गोऱ्हा गोठ्यामागून ओढून नेला होता. आता माय कापूस वेचते तेव्हा बा तिच्या पाठीशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहतो, कारण वाकलेलं माणूस मागून जनावरासारखं दिसते. दोन तीर घेऊन! मी चिडून म्हटलं, वाघावर तीर चालते का? "वाघावर सोडाचा नसते, पोरी. हातात असला का मले धीर येते."

पुण्याला चला म्हणून मी रडले, भांडले. "उभा कापूस कोणाच्या भरोशावर टाकू?" एवढंच तो बोलला. परतताना त्यानं फाट्यापर्यंत सोडलं, अन् सडकेवर उभा राहूनही दोरी उतरवली नाही. एसटीच्या मागच्या काचेतून मी पाहत होते. तो तसाच जंगलात शिरला.

इथं माझी रूम आहे, गॅस आहे, शेजारीण चांगली आहे. पण घर म्हणजे आता रोज दिवेलागणीला केलेला तो एक फोन. माय शेतातून आली का, हे आधी. मग मी विचारते, "बा, दोरी उतरवली का?"

तो म्हणतो, "तू जेवली का?"