सात दिवसांचं बिनफोडणीचं जेवण

सात दिवस तेलाचा थेंब खाल्ला नाही, असं तुमच्या आईला मी फोनवर सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. बाकीचं तुम्हा नातवंडांना लिहिते.

योगशिबिर जळगावपासून तासाभरावर, एका केळीच्या बागेत होतं. जेवायला मुगाची खिचडी, उकडलेला दुधी आणि ताक. तेल नाही, मिरची नाही. जन्मभर ठेचा-भाकरी खाल्लेली आम्ही वीस माणसं पहिल्या दिवशी दवाखान्यात भरती झाल्यासारखी ताटाकडे बघत बसलो. योगगुरू म्हणाले, जीभ शुद्ध झाली की चव आपोआप कळेल. स्वयंपाकघरात तेल दिसलं तर स्वयंपाकीणबाईंना त्याच दिवशी घरी पाठवू, असंही त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं. मी वेळेवर येते आणि चपला रांगेत ठेवते, म्हणून स्वयंपाकघरावरची देखरेख माझ्याकडे आली. ती मी आनंदाने घेतली, हे तुम्हाला सांगायला नकोच.

तिसऱ्या दिवशी खिचडी बरी लागली. चौथ्या दिवशी लोक परत वाढून घेऊ लागले. गुरूंनीही दोनदा घेतली आणि जिभेच्या शुद्धीवर बराच वेळ बोलले. मला मात्र जिऱ्याचा वास आला होता.

पाचव्या दिवशी मी न सांगता स्वयंपाकघरात गेले. बाई लोखंडी पळीत तेल तापवत होत्या. बाटली पिठाच्या डब्यात खुपसलेली. बाई शिंदखेड्याकडच्या, माझ्याच वयाच्या. पळी खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "अक्का, बिनफोडणीनं तं मयतना घरमा रांधतस. तुम्ही तं बठ्ठा जित्ता शेतस."

खरंच, आपल्याकडे फोडणी बंद असते ती सुतकात. जिवंत, धडधाकट माणसांना तसं वाढायचं पाप त्यांनी दोन दिवस केलं, मग राहवेना. काम जाईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी कुणाला सांगू नका असं काही त्या म्हणाल्या नाहीत. जिरं टाकलं, पळी खिचडीत उलटी केली आणि झाकण ठेवलं.

तुमच्या पत्रांतल्या चुका लाल शाईने दाखवणाऱ्या तुमच्या आजीने शेवटच्या दिवशी देखरेखीचा कागद भरला. 'तेलाचा वापर' याच्यासमोर सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. गुरूंनी तो कागद सर्वांना वाचून दाखवला.

पुढच्या शिबिरालाही त्याच बाई आहेत. देखरेखीला मलाच बोलावलंय. जाईन म्हणते. तिथलं जिरं जुनं झालंय, थोडं नवं घेऊन जाईन.