राजाची एक उडी

रविवारी जेवणं झाली की माझा मुलगा टेबल पुसायचा, पट मांडायचा आणि काळे मोहरे माझ्यापुढे सरकवायचा. खेळायला नव्हे. त्याच्याकडे एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एका रशियन ग्रँडमास्टरचे हल्ल्याचे डाव होते आणि प्रत्येक खेळीची चिरफाड केलेली होती. ग्रँडमास्टरच्या खेळ्या मुलगा करायचा, हरलेल्या माणसाच्या मी. कुठला मोहरा कुठं न्यायचा तेही तोच सांगायचा. माझा फक्त हात. त्याला समोर माणूस बसलेलं लागायचं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण बुद्धिबळ मला येतं. सांगलीला माहेरी वडील आणि भाऊ देशी पद्धतीनं खेळायचे. गडी कमी पडला की मला बसवायचे, आणि स्वतः हरले की उठवायचे. पट माझ्या माहेरचाच होता. दुमडला की त्याचा डबा होतो, मोहरे आत राहतात, तळाला हिरवं मखमली कापड आहे. जपानला जाताना मुलगा तो घेऊन गेला.

तेव्हा टोकियोच्या एदोगावात पुण्या-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले दर महिन्याला नवे येत होते. मुलगा एका बँकेच्या कामावर होता. कंत्राट वर्षाचं, आणि ते संपलं की आणखी वर्षाचं. सून पुण्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायची. बिनपगारी रजा टाकून नवऱ्यामागे आली आणि तिथं सकाळी डब्यांच्या कारखान्यात भात भरायला लागली. असल्या अर्धवेळ कामाला तिकडं बाइतो म्हणतात. घरी आली तरी केसांवर कागदी टोपीच्या रबराचा वळ असायचा. ती कामावर गेल्यावर नातीचं आवरायला कोणीतरी हवं, म्हणून मला बोलावून घेतलं होतं.

मी गेले त्याच वर्षी सुनेला कॉलेजकडून कळलं, की जूनमध्ये रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. तिनं जायचं ठरवलं. नातीला घेऊन.

"एक वर्ष थांब," मुलगा म्हणायचा.

"तीन वर्षं हेच ऐकतेय."

"इथं कमी काय आहे तुला?"

"मी कमी आहे इथं. मी अख्खी तिकडं आहे."

"डायलॉग नको मारूस."

"मग तू भात भर. मी बँकेत जाते."

नात टीव्हीचा आवाज वाढवायची. मी तिला जवळ घेतलं की "दाइजोबु, आजी" म्हणायची. दाइजोबु म्हणजे ठीक आहे. ठीक काही नव्हतं. ती नखं कुरतडायला लागली होती.

असं चालू असताना एका रविवारी तो डाव आला. काळ्यांचा राजा किल्लेकोट करून कोपऱ्यात बसलेला, पुढं त्याचीच तीन प्यादी. पांढऱ्यांचा वजीर आणि हत्ती त्याच्यावर रोखलेले. मला वाटलं, आता वजिराचा शह. पण ग्रँडमास्टरनं कडेचं एक प्यादं एक घर पुढं सरकवलं. बस्स.

"हे काय?" मी म्हणाले. "यात काय झालं?"

मुलाचे डोळे चमकले. "हेच तर! पुस्तकात या खेळीला दोन उद्गारचिन्हं आहेत. शह दिला असता तर राजा इकडून निसटून मध्यात गेला असता. आता हे घर प्याद्याच्या माऱ्यात आलं. राजाला पाय ठेवायला जागा नाही. आणि काळ्याला अजून काही कळलेलंच नाही."

"म्हणजे शह नाहीच दिला."

"आई, नवखा माणूस शह देत सुटतो. मोठा खेळाडू आधी वाट बंद करतो. गाजावाजा न करता. शह सगळ्यात शेवटी."

"आमच्यात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते," मी म्हणाले. "इथून मारली असती तर सुटला असता."

तो हसला. "तुझ्या सांगलीचा राजा पळपुटा."

"पळपुटा कसला? शह लागायच्या आधी मारावी लागते. एकदा शह लागला की उडी गेली."

"बरं झालं, जगानं तो नियम सोडला," असं म्हणून त्यानं माझा राजा आडवा केला.

त्याच आठवड्यात मुलगा एकदम गोड झाला. स्टेशनवरून केक घेऊन आला आणि सुनेला म्हणाला, "जा तू. मी उगाच अडवत होतो. तिकिटांचं मी बघतो." सुनेचा चेहरा मी पाहिला. बाई रडली नाही, पण केकचा पहिला तुकडा तिनं त्याच्याच ताटलीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिनं नातीचे लहान झालेले कपडे शेजारच्या मराठी बायकांना वाटायला काढले. मलाही बरं वाटलं. पोरगा शेवटी शहाणा निघाला असं वाटलं.

सून दोनदा म्हणाली, "तिकिटांना पासपोर्ट लागतील ना रे? काढून ठेवू का?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "माझ्याकडे आहेत. तू टेन्शन घेऊ नकोस."

बुधवारी सून कामावर आणि नात शाळेत होती. मी मोहरे पुसायला काढले. लाकडाला खोबरेलाचा हात फिरवला की ते तडकत नाही. पुसून आत ठेवले तर डबा मिटेना. तळाचं कापड एका बाजूला फुगलं होतं. बोट घालून उचललं, तर खाली दोन पासपोर्ट. एक सुनेचा, एक नातीचा. मुलाचा आणि माझा नेहमीच्या खणातच होते.

जपून ठेवायचं असतं तर चारही ठेवले असते. मला त्यापुढं फार विचार करावा लागला नाही. वाट बंद करायची, गाजावाजा न करता. माझ्याच पोरानं समोर बसून मला समजावून सांगितलं होतं, म्हणून तर मला ते दिसलं. नाहीतर मीही केक खाऊन गप्प बसले असते. वाईट याचं वाटलं, की तो डबा घरात आम्हा दोघांशिवाय कोणी उघडत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. आई बघेल, पण बोलणार नाही, असं तो धरून चालला होता.

मी पासपोर्ट काढून माझ्या बॅगेत लुगड्यांखाली ठेवले आणि रविवारची वाट पाहिली.

रविवारी सून नातीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली. मुलानं पट मांडला. मी मोहऱ्यांना हात लावला नाही.

"वाट का बंद केलीस?" मी विचारलं.

"कुठली? अजून डाव सुरू कुठंय?"

"कापडाखालची."

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पट उचलून कापड वर केलं. तिथं काही नव्हतं.

"कुठं आहेत?"

"माझ्याकडे. तू काय करणार होतास ते सांग."

घरंगळलेले मोहरे त्यानं एकेक गोळा केले. मग खाली बघून म्हणाला, "हरवले म्हणून सांगणार होतो. नवे यायला वेळ लागतो. तोवर जून जातो. मग ती शांत होते."

"शांत होते, की गप्प होते?"

"आई, ती गेली तर परत येणार नाही."

"नसेल येत."

"आणि पोरगी?"

"पोरगी नखं खाते. बघितलीस का तिची बोटं?"

"तू नक्की कोणाच्या बाजूला आहेस?"

"दर रविवारी मला काळ्यांकडे तूच बसवतोस. इकडून बघितलं की तुझा तो ग्रँडमास्टर फार काही चांगला माणूस दिसत नाही."

"हा खेळ नाहीये, आई!"

"मग खेळू नकोस. आज रात्रीच्या जेवणाआधी तूच तिच्या हातात पासपोर्ट दे. तुला काय भीती वाटते ती तिला सांग. मला सांगून काय उपयोग?"

"आणि नाही दिले तर?"

"तर उद्या मी देईन."

तो म्हणाला, "तू माझी आई आहेस." मी म्हणाले, "म्हणूनच तुला आधी विचारलं."

संध्याकाळ झाली. सून आली, नातीचे ओले केस पुसून दिले, आमटी गरम केली. मी मुलाकडे बघत होते. तो लॅपटॉप उघडून बसला. जेवणं झाली. झोपायला जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुनेला अजून काही कळलं नव्हतं. शह लागायचा होता.

सोमवारी ती कारखान्यातून आली. मी दोन्ही पासपोर्ट तिच्यापुढं ठेवले. कुठं सापडले, कोणी ठेवले, कशासाठी ठेवले, सगळं सांगितलं. लपवाछपवी घरात पुष्कळ झाली होती. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी."

"आज सोमवार आहे, आई."

"त्यानं द्यावेत म्हणून थांबले."

"म्हणजे त्याच्यासाठी थांबलात," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही."

तिचं खरं होतं. मी पुन्हा त्या जागी असते तर पुन्हा थांबले असते, हेही खरं आहे. तो माझा पोरगा आहे.

तिकिटं तिनंच काढली. विमानतळाच्या बसला मुलगा आला होता. सामान त्यानंच चढवलं. नातीनं त्याला जपानीत काहीतरी विचारलं, त्यानं जपानीतच उत्तर दिलं. मला कळलं नाही. सुनेला कळलं असावं, कारण तिनं तोंड फिरवलं.

माझ्या व्हिसाचे थोडे दिवस उरले होते. ते आम्ही दोघांनी काढले. तो वेळेवर जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा, माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांची आठवण करायचा. रविवारी पट निघाला नाही. एकदा मीच म्हणाले, "मांड की." तो म्हणाला, "काम आहे," आणि आतल्या खोलीत गेला. आत कामाचा काही आवाज आला नाही.

सून जूनमध्ये रुजू झाली. ती जपानला परत गेली नाही. मुलगा वर्षातून एकदा येतो आणि पुण्याला तिच्याच घरी उतरतो, पण बॅग उघडत नाही, बॅगेतूनच कपडे घालतो. ते नवरा-बायको आहेत की नाहीत, असं बायका मला विचारतात. मी त्यांना दोघांना विचारलेलं नाही. नात नखं वाढवते आणि त्यांना रंग लावते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पट मुलानं माझ्या बॅगेत घालून दिला होता. सांगलीला आल्यावर उघडून पाहिला. मोहरे सगळे होते. तळाचं मखमली कापड मात्र त्यानं चारी कडांनी डिंक लावून सपाट चिकटवून टाकलं होतं. मी नख घालून पाहिलं. निघत नाही.