गाताना संगीताताई कशा दिसतात

गावोगावच्या गाणाऱ्या तरुणांचे फोटो मी जमवते आहे. परभणीतली काही पोरं मराठवाडी बोलीत रॅप करतात असं कळलं, आणि मी पुण्याहून रात्रीची रेल्वे पकडली. सकाळी स्टेशनबाहेर सुशीला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा झणझणीत नाश्ता चुकवू नका. तिथून रिक्षाने थेट तालमीला, बुद्धविहाराशेजारच्या पत्र्याच्या हॉलमध्ये.

पोरं जोशात होती. जात, नोकरी, नळाला न येणारं पाणी, सगळं ठेक्यात. मध्येच एक शिक्षिका उठल्या आणि त्यांनी असा सूर लावला, की माझा कॅमेरा आपोआप तिकडे वळला. या संगीताताई. लहानपणापासून भीमगीतं गाणाऱ्या. पोरांच्या प्रत्येक गाण्याचं ध्रुवपद त्यांच्याकडे, आणि ढोलकीवर त्यांचे यजमान, भास्करदादा.

चहाच्या वेळी दादा माझ्याशेजारी बसले.

"हिचे जास्त काढा फोटो. गळ्याचं ऑपरेशन हाय पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणले, आवाज बदलू शकतो."

"दादा, फोटोत आवाज कुठे येतो?"

"ते माहिताय. पण गाताना ही कशी दिसती, ते तर येईल."

दुसऱ्या दिवशी दोघं मला ताईंच्या माहेरी घेऊन गेले. पोखर्णीकडे एसटी जाते, रस्ता बराच खडबडीत, दोन्हीकडे तुरी उभ्या. ताईंच्या आईने धपाटे वाढले आणि म्हणाली, "संगे, म्हण की एखादं." दादांनी सोबत आणलेली ढोलकी पुढ्यात घेतली, ताईंनी अंगणात गाणं सुरू केलं आणि कडव्याच्या मध्येच थांबल्या.

"भ्या वाटायलंय," त्या हळूच म्हणाल्या.

दादांनी घाई केली नाही. हात ढोलकीवर तसाच ठेवून ते त्यांच्याकडे बघत राहिले. ताईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुढचं कडवं उचललं. मी फोटो काढला तो त्या श्वासाचा.

पुण्यात परतले, तरी ऑपरेशनच्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. काही महिन्यांनी फोन आला. आवाज खर्जातला, घोगरा. संगीताताईंना ओळखायला मला एक क्षण लागला.

"वरचा सूर गेला, ताई. पोरं म्हणायलेत, आता आमच्यासंगं रॅपच करा."

"मग?"

"करायलेय की. पर गाणं सोडलं न्हाई. खालच्या पट्टीत म्हणते."

"आणि दादा?"

त्या हसल्या. "त्यांनी ढोलकीची पट्टी उतरवून घेतली. माझा सूर जिथं लागंल, तिथं."