हडपसर ते खडकवासला सायकलवर, आणि परतीला मी नाही

आधीच सांगून टाकते. मागच्या लेखाखाली एका गृहस्थांनी लिहिलं होतं, दोन वर्षं जर्मनीत काय राहून आल्या, आता इथल्या पोरींना शहाणपण शिकवायला लागल्या. त्यांना उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग पल्लवीच्या बाबांनी जेवताना एक वाक्य टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. हा लेख त्या वाक्यामुळे आहे. ज्यांना नुसता रस्ता आणि खाणं हवंय त्यांनाही ते मिळेल, फक्त मधूनमधून माझी बडबड सहन करावी लागेल.

पल्लवी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. एकोणीस वर्षांची आहे. तिचे बाबा वीस-बावीस वर्षांपूर्वी वाशिमकडून हडपसरला आले, इथल्या एका कारखान्यात फिटर आहेत. पल्लवीला जर्मनीतल्या एका लहान गावात, रुग्णालयात नर्सिंग शिकायला जागा मिळालीय. दीड वर्ष संध्याकाळचे क्लास करून, परीक्षा पास होऊन, स्वतःच्या हिमतीवर. मी मास्टर्स संपवून परत आले तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघी गच्चीवर बसून जर्मन बोलतो. ती मला तिची मेंटॉर म्हणते आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला फार आवडतं. व्हिसाची तारीख आली होती, मुंबईत, पुढच्या गुरुवारची. आणि बाबांच्या तोंडून हो काही निघत नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. काकांनी, म्हणजे पल्लवीच्या बाबांनी, पाण्याचा तांब्या उचलला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हे पाणी खडकवासल्याहून येते. तिथवर तरी कधी सायकलवर जाऊन आली काय तू? आणि म्हणे जर्मनी."

पल्लवीनं विचारलं, जाऊन आले तर? काका म्हणाले, जाऊन ये, मग बोलू. मी भातावर आमटी घेता घेता जाहीर करून टाकलं की शनिवारी जातोय. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, ताई आहे तर जा म्हणाले. मला वाटलं, चला, अर्धी लढाई जिंकली. वाटणारच. मी अशी आहेच.

आता रस्त्याबद्दल. शनिवार निवडला, कारण रविवारी अर्धं पुणं सिंहगडाला निघालेलं असतं आणि त्या रस्त्यावर सायकल म्हणजे स्वतःच्या हातानं आफत ओढवून घेणं. पहाटे पावणेसहाला हडपसरच्या गाडीतळावरून निघालो. डिसेंबर होता, कानटोपी आणि हातमोजे दोन्ही लागले. माझी सायकल जुनी पण गिअरची, पल्लवीची शाळेतली, बिनगिअरची, पुढे बास्केट असलेली. सोलापूर रस्ता सहाच्या आधी पार करा, नंतर तो ट्रकवाल्यांचा होतो. बुधवार पेठेतून वळसा घालून एका बाजूचं अंतर सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर भरतं. सरळ स्वारगेटवरून गेलात तर कमी, पण मला पल्लवीला पेठेत मिसळ खायला घालायची होती.

मी पुढे, ती मागे. दर दोन मिनिटांनी मी मान वळवून बघायची. सिग्नलला हात दाखवायचा, खड्डा आला की ओरडायचं, चौकात आधी मी घुसायचं आणि मग तिला बोलवायचं. फातिमानगरपासून स्वारगेटपर्यंत घसा बसायची वेळ आली, पण मी खूश होते. याला म्हणतात नेतृत्व, असं मनात म्हटलंसुद्धा.

बुधवार पेठेत दगडूशेठला बाहेरूनच हात जोडले आणि वळलो, तेवढ्यात पल्लवीची चेन पडली. ती सायकल उभी करेपर्यंत मी खाली बसलेसुद्धा, बोटं चेनमध्ये घातली. मागून दुधाच्या पिशव्या घेऊन एक आजोबा चालले होते, ते थांबले.

"अहो ताई, सायकल कुणाची?"

"हिची," मी म्हटलं.

"मग हात तुमचे का काळे?"

एवढं बोलून गेले निघून. पुणेरी माणूस सल्ला देत नाही, चिमटा काढतो आणि तुम्हाला तिथेच सोडून पुढे जातो. पल्लवी तोंड फिरवून हसत होती. मला राग आला. हात काळे झालेलेच होते, म्हणून चेन मीच बसवली.

मिसळीचं दुकान सातला उघडतं. मिसळ नव्वद रुपये, जादा पाव वेगळा, तर्री मागावी लागते आणि ती मागितली की मालक आपल्याकडे संशयानं बघतो. चव मात्र अशी की नाक वाहत असतानाही हात थांबत नाही. तिथं पल्लवीनं विचारलं की जर्मनीतला सगळ्यात वाईट दिवस कोणता होता, आणि खरा सांग, ब्लॉगवाला नको. ब्लॉगवर मी बर्फ, नदीकाठ, बेकऱ्या असं सगळं लिहिलंय. जानेवारीतल्या तापाबद्दल नाही लिहिलं. तीन दिवस खोलीत एकटी पडून होते, आईला फोनवर नुसती सर्दी आहे म्हणत होते. तिसऱ्या दिवशी कशीबशी औषधाच्या दुकानात गेले आणि काउंटरवर ताप या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणतात तेच आठवेना. तिथंच उभी राहून रडले. हे मी तेव्हापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. पल्लवीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग औषध मिळालं का? मिळालं, म्हटलं. मग झालं तर, म्हणाली आणि माझ्या प्लेटमधलं फरसाण उचललं.

पुढचा रस्ता दांडेकर पूल, राजाराम पूल, वडगाव, धायरी फाटा, मग किरकटवाडी. धायरी फाट्यापर्यंत श्वास कोंडतो, धूळ खूप, नाकाला रुमाल बांधा. नांदेड फाट्यानंतर हवा बदलते. शेवटचा चढ पल्लवीनं पायडलवर उभं राहून काढला, बिनगिअरच्या सायकलवर, आणि मी गिअर टाकूनही धापा टाकत होते. धरणाची भिंत दिसली तेव्हा नऊ वाजले होते. चौपाटीवरचे अर्धे स्टॉल बंद होते. एका मावशींनी आमच्यासाठी पहिला घाणा काढला. गरम कांदाभजी, तळलेली मिरची आणि चहा. पाण्यावरून असा गार वारा येत होता की भजी तोंडापर्यंत जाईस्तो निवायची. आम्ही कठड्यावर बसलो. मी फोटो काढले, काकांना पाठवले. आता बोला म्हणावं.

तेव्हा पल्लवी हात पुसत म्हणाली, "ताई, परत मी एकटी जाते. तू तासाभरानं निघ."

मी आधी हसलेच. मग एकामागून एक कारणं काढली. गर्दी वाढली असेल, ट्रक सुरू झाले असतील, चेन परत पडेल, फोनची बॅटरी किती आहे? ती नुसती ऐकत होती. शेवटी मी आपल्याकडे सगळे म्हणतात तेच म्हटलं, अगं कशाला, मी आहे ना.

"तेच तर," ती म्हणाली. "ताई, येताना मी रस्ता बघितलाच नाही. तुझं मागचं चाक बघत आले. आत्ता मला कुणी विचारलं स्वारगेटहून इथं कसं यायचं, तर सांगता येणार नाही. तिथं कुणाचं चाक बघू?"

माझ्याकडे उत्तरं होती, पण ती सगळी काळजीची होती, तिच्या कामाचं त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, हडपसरला पोचलीस की मेसेज कर. मध्ये नाही करणार हं, ती म्हणाली. हेल्मेट घातलं आणि गेली. मागे वळूनही बघितलं नाही पोरीनं.

खडकवासल्याला जाणाऱ्यांनो, तिथं तासभर नुसतं बसून बघा. मी बसले. दुसरा चहा घेतला, तिसरा घेतला. समोर पाणी होतं, बगळे होते, लोक पैसे मोजून हे बघायला येतात आणि मी घड्याळ बघत होते. भीती वाटत होती, सरळ सांगते. आणि तिथंच मला चिलीची ती मुलगी आठवली. मास्टर्सच्या शेवटच्या वर्षी सहा जणांचा एक प्रकल्प होता आणि त्याची प्रमुख मी होते. मी सगळ्यांची कामं केली. कुणाला सॉफ्टवेअर जमलं नाही, मी केलं. कुणाचं सादरीकरण कच्चं, मी रात्रभर बसून लिहून दिलं. गुण उत्तम मिळाले. निरोपाच्या जेवणात ती चिलीची मुलगी मला म्हणाली, तू फार चांगली होतीस, पण या प्रकल्पातलं मला काहीच येत नाही. मी आईला फोन करून अर्धा तास तिला नावं ठेवली होती. कृतघ्न म्हटलं होतं. कठड्यावर बसून मला कळलं की त्या बिचारीनं दोन वर्षांतलं सगळ्यात खरं वाक्य माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मी तोच प्रकल्प शिष्यवृत्तीच्या समितीपुढे नेतृत्वाचा अनुभव म्हणून सांगत फिरले.

मग मला राग आला, आणि तो नुसता माझ्यावर नव्हता. आपल्याकडे माणूस मोठा झाला की त्याला हेच येतं. भाऊ, मामा, सर, मॅडम, साहेब, सगळे म्हणतात मी आहे ना. आणि ऐकणाऱ्या पोरीला तिशी आली तरी बँकेत एकटीनं जाता येत नाही. मग तेच लोक म्हणतात, हिला कुठे काय जमतं.

दहा वाजता निघाले. वडगावला एक ॲक्टिव्हा आडवी पडली होती, भोवती घोळका. मी सायकल टाकून धावले. घोळक्यात पल्लवी नव्हती, कुणाला लागलंही नव्हतं. स्वारगेटच्या उसाच्या रसाच्या गाड्यावर उभी असताना मेसेज आला, "पोचले. वाटेत चेन पडली, बसवली." रसवाल्यानं विचारलं, काय झालं मॅडम, रडताय का? बर्फ नको म्हटलं त्याला.

पाठोपाठ काकांचा फोन. लगेच ये म्हणाले आणि ठेवला.

त्यांच्या घरी पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. काका दारातच उभे, चेहरा लाल. पल्लवी आत खुर्चीवर बसून पोहे खात होती, हात काळेकुट्ट.

"मले सांग, हिले एकटं सोडलं काऊन तू?" काका म्हणाले. "तुझ्या भरवशावर हो म्हटलं होतं मी. ताई आहे म्हणून."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तयार भाषण होतं, कठड्यावर बसून रचलेलं. पण पल्लवीनं बशी खाली ठेवली होती आणि मी तोंड मिटलं. आयुष्यात फार कमी वेळा मिटलंय.

"बाबा, ताईनं नाही सोडलं. मी तिला थांबवलं," ती म्हणाली. "तिथं ताई नसणार. तुम्हीही नसणार. मी दर रविवारी फोन करीन. पण विचारायला नाही, सांगायला."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी काकांना ओळखते, हा माणूस चिडला की बोलतो, घाबरला की गप्प होतो. पंखा बंद होता तरी उगाच त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुवारची गाडी किती वाजताची?"

"सव्वासहाची. तुम्हाला यायचं असेल तर या. कागद मीच दाखवणार, बोलणार पण मीच."

"हाव," काका म्हणाले. "मी बाहेर बसीन."

मला कुणी ये म्हटलं नाही. पोहे मात्र दिले.

घरी येऊन मी दोन दिवस जिना उतरू शकत नव्हते, मांड्या एवढ्या भरून आल्या होत्या. तुम्ही जाणार असाल तर आधी आठवडाभर थोडी सवय करा. पाणी दोन बाटल्या, पंक्चरचं सामान, आणि सोबत कुणी शिकणारं असेल तर त्याला पुढे घाला, चुकू द्या. मागच्या लेखाखालच्या त्या गृहस्थांसाठी एवढंच की हो, मी शहाणपण शिकवायला गेले होते. शिकून आले. परदेशात दोन वर्षं राहून जे जमलं नाही ते धरणावर तासभर गप्प बसून जमलं, तेही जेमतेम.

गुरुवारी मी सव्वापाचलाच जागी झाले. दिवसभर मेसेज नाही. दुपारी आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. सहा वाजता पल्लवीचा एकच शब्द आला, "झालं." मी लिहायला घेतलं, काय काय विचारलं, कुठे अडखळलीस का, कागद सगळे घेतले का, बाबा काय म्हणाले, पुढचं मी बघू का. पाच-सहा ओळी झाल्या. मग त्या सगळ्या पुसल्या आणि लिहिलं, "बरं."

बोटं शिवशिवत होती. शिवशिवू देत.