कुलूपबाईंची तपासणी

आमच्या शाळेच्या संगणक खोलीवर एका बाईंचं राज्य होतं. हुद्दा मदतनिसाचा, रुबाब जेलरचा. आम्ही मुली त्यांना कुलूपबाई म्हणायचो. खोलीतून बाहेर पडताना त्या प्रत्येकीला कंपासपेटी उघडायला लावायच्या. फार पूर्वी कधीतरी एक माउस गायब झाला होता, तेव्हापासून अख्खी शाळा त्यांच्या लेखी चोर होती.

नववीत संगणकाच्या सरांनी नेटवर्क हाताने करून शिकवायला घेतलं. आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने लावायच्या, टोकाला प्लास्टिकची क्लिप दाबून बसवायची आणि ती केबल स्विचमध्ये, म्हणजे सगळे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या चपट्या डब्यात खोचायची. माझी केबल पहिल्या झटक्यात चालली. मी ऐटीत तिच्यावर माझा हजेरी क्रमांक चिकटवला आणि घंटा होताच एक टोक डब्यात, दुसरं लोंबतं ठेवून पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं सगळं नेटवर्क ठप्प. डब्यावरचे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. ऑफिसचं कामही अडलं. कुलूपबाईंनी मला दंडाला धरून थेट मुख्याध्यापिकांपुढे उभं केलं.

"काल शेवटी हीच होती तिथं. मला पहिल्यापासून हिचा संशय आहे. नको तिथं हात घालते."

"दुपारपर्यंत सुरू झालं नाही, तर हे हाताने शिकवणं बंद," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आणि ही मुलगी त्या खोलीत पाय ठेवणार नाही."

माझं डोकं सणकलं. मला तर बाईंचाच संशय होता. मला अडकवायला यांनीच काहीतरी करून ठेवलं असणार.

सर एवढंच म्हणाले, "एकेक केबल काढ आणि दिवे बघ."

मी काढत गेले. बाई माझ्या बोटांवर डोळे रोखून शेजारीच उभ्या. सातवी केबल माझी निघाली. ती उपसली आणि दिवे ताळ्यावर आले. तिची दोन्ही टोकं त्याच डब्यात होती. त्यामुळे निरोप बाहेर न पडता तिथल्या तिथे गरगरत होते, असं सरांनी सांगितलं.

"दुसरं टोक मी नाही खोचलं," मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "मी खोचलं. लोंबत होतं, झाडताना पायात येत होतं. रिकामं भोक दिसलं, दिलं खोचून."

आता त्या विषय गुंडाळणार, असं मला वाटलं. पण त्या तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि सगळं सांगून आल्या.

खोलीतून निघताना मी सवयीने कंपासपेटी उघडली. बाईंनी ती बंद केली आणि स्वतःची पर्स टेबलावर उघडून ठेवली.

"बघ."

दुसरी कुणी असती तर नको म्हणाली असती. मी बघितलं. जेवणाचा डबा, चष्मा, गुडघ्यांच्या गोळ्या, रुमाल झटकून त्याच्याखालीसुद्धा. तेव्हा जिवाला गार वाटलं, आज लाज वाटते. आम्ही रोज उभ्या राहायचो तशा, हात समोर धरून बाई निमूट उभ्या होत्या.