डोक्याने दमलेली टीम

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एखाद्या हरणाऱ्या टीममध्ये टिकून राहा, ते आपोआप साचतात! आमची नेरळची फुटबॉल टीम तशी. सगळे नोकरी-धंदेवाले, चाळिशीकडे झुकलेले, रविवारचे खेळाडू. कॅप्टन नाना. गुडघ्यांनी हात टेकले, म्हणून हा त्यांचा शेवटचा सीझन. लोधिवलीच्या टीमला हरवून एकदा तरी कप घरी न्यायचा, एवढंच त्यांचं मागणं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, शोकेसमध्ये जागाही ठेवली होती. तिथे तूर्तास लोणच्याची बरणी होती.

*

आमचे कोच म्हणजे सर, शाळेतून रिटायर झालेले. एकदा मोबाईलवर काहीतरी वाचून आले.

"अरे, आपण पायाने नाही, डोक्याने दमतो! डोकं शिणलं की पास चुकतो, निर्णय उशिरा होतो."

पटलं. पण पटल्यावरही सर थांबेनात. मॅचआधी फळ्यावर मेंदू काढला, त्याचे भाग दाखवले, वर प्रश्न विचारले. मैदानात उतरल्यावर नानांनी पहिलाच पास थेट रेफरीला दिला!

सर बाहेरून आनंदाने ओरडले, "बघा! हेच सांगत होतो मी!"

*

मग सरांनी तोडगा काढला. मेंदूचा व्यायाम! वॉर्मअप करताना पाढे म्हणायचे, तेही उलटे.

आमचा फॉरवर्ड बंड्या हुशार, त्याने ते फारच मनावर घेतलं. मॅचमध्ये चेंडू त्याच्या पायात, समोर गोल रिकामा, आणि हा आभाळाकडे बघत उभा.

"मार ना रं!" आम्ही सगळे ओरडलो.

"थांबा रं, एकोणतीसचा अडलाय!"

*

गोलकीपर सचिन प्लॉट विकतो. मुंबईची गिऱ्हाईकं रविवारीच येतात, त्यामुळे सकाळपासून ऊन खात, गोड बोलून बोलून त्याचं डोकं पार आंबलेलं असतं. सेमीफायनलला समोरचा स्ट्रायकर चेंडू घेऊन एकटाच त्याच्यावर चालून आला. सचिन अदबीने बाजूला झाला.

"या ना साहेब, आत या, निवांत बघून घ्या!"

साहेब आत आले, चेंडूही घेऊन आले. तो सामना आम्ही कसाबसा जिंकलो, यात सचिनचा वाटा शून्य.

*

फायनलला आधी सत्कार. आपल्याकडे शाल-श्रीफळाशिवाय चेंडू हलत नाही! प्रमुख पाहुण्यांनी खेळाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली ती संपेचना. दोन्ही टीम रांगेत, उन्हात. दर वाक्याला टाळ्या वाजवून हात दुखले, डोकं सुन्न झालं.

शेवटी एकदाची किकऑफची शिट्टी वाजली. एकही माणूस हलला नाही. बावीसच्या बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या!

*

समोर अर्थात लोधिवली. शेवटपर्यंत गोल नाही, आणि अगदी अखेरीस आम्हाला पेनल्टी मिळाली. मारणार नाना.

आता घोळ असा, की नाना राहतात शेलूच्या नव्या बिल्डिंगमध्ये, आणि सोसायटीचे अध्यक्षही तेच. त्याच दिवशी सकाळपासून सोसायटीची सभा होती. विषय पार्किंग! प्रत्येक ठरावाला एकच माणूस विरोध करत होता, दुसऱ्या मजल्यावरचा प्रकाश. हा प्रकाश मूळचा लोधिवलीचा, आणि त्यांचा गोलकीपर. दोघंही सभेतून उठून थेट मैदानावर आलेले, डोळे तारवटलेले.

नानांनी चेंडू ठेवला आणि त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. गेला कप, म्हटलं.

"नाना, डोकं शांत!" सर ओरडले.

शिट्टी वाजली. नाना लंगडत धावले आणि पाय मारता मारता खणखणीत आवाजात म्हणाले, "विरोध असेल त्यांनी हात वर करा!"

चेंडू जेमतेम लागला, गवतातून रांगत निघाला. प्रकाशचा हात ताडकन वर गेला.

"माझा विरोध हाय! लिवून घ्या!"

चेंडू त्याच्या बुटाजवळून हळूच आत गेला, तरी हात वरच.

काकूंची लोणच्याची बरणी हल्ली फ्रिजवर असते.