डुकराची काडतुसं
फटाक्यांच्या दारूचा वास आला की माझा उजवा खांदा अजून ठणकतो. नेमबाजीत हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडायला मी नुकताच शिकत होतो. सरांनी बारीक छर्ऱ्यांची, हलकी काडतुसं आणायला सांगितलं होतं. पांढरकवड्याचे दुकानदार चाचा हसले, "बारीक कायले नेता? हे जाड घ्या, रानडुक्कर जाग्यावर लोळते!" मलाही पटलं, आमच्याकडे बंदूक असते ती डुकरांपासून पीक राखायला. दहा बार काढले. प्रत्येक धक्क्याला खांदा कळवळला आणि ते मोजके जाड छर्रे तबकडीच्या आजूबाजूने निघून गेले. "तबकडी काय अंगावर धावून येऊन राह्यली होती?" सर ओरडले आणि दहाही तबकड्या मला गवतातून वेचायला लावल्या. एकीलाही साधा तडा नव्हता. त्यातली एक घरी आहे. बायको तिच्यात सेफ्टी पिना ठेवते.